जळक्या ऑइलची माती जमिनीत औषध सोडून धुता येते का? एजन्सीचं कोटेशन आलंय, सल्ला हवा

ज्वारीचं_कणीस (सोमवार, रात्री ९:१२)

मंडळी, जरा घाईचं काम आहे. मामाने गेल्या वर्षी सोलापूरकडे रस्त्यालगत दीड एकर घेतली. त्याच्या एका कोपऱ्यात पूर्वी ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल, पार्ट धुतलेलं रॉकेल-डिझेल, सगळं मागच्या खड्ड्यात जायचं. जागा विकताना वर चार ट्रॉल्या माती टाकून सपाट केलेलं. आता गोदामाचा पाया काढायला घेतला तर कमरेइतक्या खोलीवर चिकट, घाण वासाची माती लागली. आमच्याकडची माती तशीही काळीच, पण ही फावड्याला लागली की पुसून निघत नाही, आणि ढेकूळ बादलीतल्या पाण्यात टाकलं की वर रंगीत तवंग येतो.

एका एजन्सीने कोटेशन दिलंय. जागेवरच बोअर मारून ते "बायो-सरफॅक्टंट"चं (साबणासारखं काहीतरी) द्रावण आत सोडणार, असं दोन-तीनदा, मग वरून भरपूर पाणी. ऑइल "मातीपासून सुटं होऊन निघून जाईल", खणायची गरजच नाही. खणून, ट्रकमध्ये भरून सरकारमान्य जागी पाठवण्यापेक्षा हे बरंच स्वस्त आहे, त्यामुळे मामा खूष.

मला एवढंच कळत नाहीये की निघून कुठे जाईल? विहीर साठ-सत्तर फुटांवर आहे आणि उताराच्या बाजूला आहे. पिण्याला वापरत नाही, पण शेताला आणि गुरांना तेच पाणी.

गोटीसोडा (सोमवार, रात्री ९:३०)

हाच प्रश्न एजन्सीला विचारलात का?

ज्वारीचं_कणीस (सोमवार, रात्री ९:३४)

विचारला. "मॅडम, ते डायल्यूट होऊन जातं."

गोटीसोडा (सोमवार, रात्री ९:३५)

झालं मग. धागा बंद करा, मामांना फोन करा.

तळगाळ (सोमवार, रात्री ११:०५)

धंद्याने याच कामातला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एजन्सी जे म्हणतेय ती थाप नाही. ते तंत्र खरं आहे, जगात वापरलं गेलंय, काही ठिकाणी फार छान चाललंय. पण तुमच्या जागेवर, त्यांनी सांगितलेल्या पद्धतीने, ते करू देऊ नका. का, ते सांगतो.

तेलातले जड घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन लिटरभर पाण्यात तीसेक मिलिग्रॅम तरी जातं. त्याच्या पुढचं फेनान्थ्रीन जेमतेम एक मिलिग्रॅम. आणि ज्याची खरी भीती असते ते बेंझोपायरीन, कर्करोगवालं, लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचे हजारावे भाग. हे सगळे मातीतल्या सेंद्रिय भागाला आणि काजळीला धरून बसतात. नुसतं पाणी वर्षानुवर्षं सोडलंत तरी ते हलणार नाहीत.

सरफॅक्टंटचा रेणू एका टोकाने पाणी धरतो, दुसऱ्या टोकाने तेल. पाण्यात त्याचं प्रमाण एका हद्दीपुढे गेलं की ते रेणू गोळा होऊन बारीक गोळ्या बनवतात, त्याला मायसेल म्हणतात. मायसेलच्या पोटात तेलकट रेणू मावतो. खरकटं भांडं साबणाने निघतं ते याचमुळे. ही हद्द प्रत्येक सरफॅक्टंटची वेगळी: ट्रायटन एक्स-१०० ला लिटरला साधारण दीडशे मिलिग्रॅम, ट्वीन-८० ला पंधराच्या आसपास. पण हे आकडे स्वच्छ पाण्यातले. माती स्वतःच सरफॅक्टंट पिते, त्यामुळे जमिनीत ती हद्द कितीतरी पट वर सरकते. आणि हद्दीच्या खाली राहिलात तर सगळं उलटंच होतं. मातीच्या कणांवर सरफॅक्टंटचा थर बसतो आणि तो थर तेलकट रेणूंना आणखी ओढून धरतो. म्हणजे पैसे वाचवायला अर्धा डोस मारणं हे काहीच न मारण्यापेक्षा वाईट.

आता मुख्य गोष्ट. सरफॅक्टंटने तेल दोन तऱ्हांनी सुटतं. एक, मायसेलमध्ये विरघळून. हे सावकाश आणि बऱ्यापैकी ताब्यातलं काम. दुसरं, तेल आणि पाण्यामधला पृष्ठताण पडल्याने मातीच्या छिद्रांत अडकलेले तेलाचे थेंबच वाहू लागतात. हे झपाट्याने होतं आणि इथेच घोळ होतो, कारण इतकी वर्षं एका खड्ड्यात बसलेलं तेल आता जिथे पाणी जाईल तिथे जातं. तुमच्या जागी पाणी विहिरीकडे जातं.

सरफॅक्टंट काहीही नष्ट करत नाही. जागा बदलतो, बस्स. पुढे त्या पाण्याचं काय करायचं याची सोय आधी करून मगच तो जमिनीत सोडायचा असतो.

अनुस्वार (मंगळवार, सकाळी ७:५०)

तळगाळ यांच्याशी सहमत. "छान चाललंय" म्हणालात त्या जागांबद्दल लिहाल का? म्हणजे धागाकर्तीला फरक कळेल.

तळगाळ (मंगळवार, सकाळी ८:४०)

लिहितो. बहुतेक अमेरिका-कॅनडातल्या आहेत. तिथे तेलापेक्षा ड्रायक्लीनिंगची आणि धातूचे पार्ट धुण्याची क्लोरीनयुक्त रसायनं जास्त सतावतात. ती पाण्यापेक्षा जड, त्यामुळे तळाला जाऊन बसतात.

कॅनडात ओंटारिओमधल्या बोर्डन लष्करी तळावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुद्दाम वाळूच्या थरात २३१ लिटर परक्लोरोएथिलीन (ड्रायक्लीनिंगचं रसायन) सोडून मग ते सरफॅक्टंटने काढायचा प्रयोग झाला. पण आधी तीन मीटर बाय तीन मीटरच्या तुकड्याभोवती लोखंडी पत्र्याच्या भिंती ठोकून, त्या खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत नेऊन डबा बंद केलेला. जायला वाटच नाही.

यूटामधल्या हिल हवाई तळावर १९९६ मध्ये ट्रायक्लोरोएथिलीनवर (पार्ट धुण्याचं रसायन) सरफॅक्टंट, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मीठ असं मिश्रण वापरलं. त्या तुकड्यातलं ९८-९९ टक्के रसायन निघालं. आकडा ऐकून कोणीही भुलेल. पण तिथे वर वाळू-गोटे, खाली चिकणमातीचा भरीव थर, आणि एका बाजूने सोडलेलं द्रावण दुसऱ्या बाजूच्या विहिरींतून ओढून वर काढायची सोय. वर काढलेलं पाणी परत शुद्ध करायचं ते वेगळंच.

तुमच्या कोटेशनमध्ये ओढून काढायच्या विहिरी आहेत का? नसतील तर ती सफाई नव्हे.

ज्वारीचं_कणीस (मंगळवार, सकाळी ९:१५)

नाहीत. "रिकव्हरी" हा शब्दच कुठे नाही. सोडायचे बोअर चार, बस्स.

मास्तर_निवृत्त (मंगळवार, दुपारी १२:२०)

मी रसायनशास्त्र शिकवत होतो, त्यामुळे मातीच्या बाजूने दोन गोष्टी घालतो.

सोलापूरच्या काळ्या मातीत निम्म्याच्या आसपास चिकण, आणि तीही फुगणाऱ्या जातीची. पाणी लागलं की फुगून भोकं बुजवते. उन्हाळ्यात भेगा, त्यातून वरचं पाणी सरळ खाली. म्हणजे सरफॅक्टंट एक तर मातीत शिरणार नाही, नाही तर भेगेतून सुटेल आणि जिथे तेल चिकटलंय त्या ढेकळाला शिवणारही नाही. खाली मुरूम, त्याखाली फुटका कातळ, आणि विहिरीला पाणी त्याच फटींतून येतं.

दुसरं, सरफॅक्टंट कोणत्या जातीचा? ऋणभाराचा असेल, कपडे धुण्याच्या पावडरीत असतो तसा, तर आपल्या मातीतल्या चुनखडीतला कॅल्शियम त्याला खाली बसवेल. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो तोच प्रकार. शिवाय त्यातला सोडियम मातीची घडण मोडतो. ढेकूळ विरघळून गाळ होतो, आणि चोपण झालेली जमीन पुढे वर्षानुवर्षं पाणी घेत नाही. धनभाराचा असेल तर त्याहून वाईट. चिकणमातीचे कण ऋणभारित, ते त्याला घट्ट धरतात, आणि अशी माती सेंद्रिय प्रदूषकांना सोडायच्या ऐवजी पकडून ठेवते. (अशी माती मुद्दाम बनवून कचराभूमीच्या अस्तराला वापरण्याचेही प्रयोग आहेत.) राहिला भाररहित, ट्वीनसारखा. त्यातल्या त्यात हाच चालेल. कोटेशनवर कोणता ते लिहिलंय का?

ज्वारीचं_कणीस (मंगळवार, दुपारी १२:४५)

"प्रोप्रायटरी ब्लेंड, १००% इको-फ्रेंडली."

मास्तर_निवृत्त (मंगळवार, दुपारी १२:५८)

माझ्या वर्गात असतं तर शून्य मार्क.

केळीवाला (मंगळवार, दुपारी ३:१०)

वाचतोय, छान चाललंय. एक भाबडा प्रश्न. आमच्या आजीच्या वेळेला रिठ्याने रेशमी कपडे, दागिने सगळं धुवायचे. हे सरफॅक्टंट विकत घेण्यापेक्षा रिठा उकळून ओतला तर? निदान विषारी तरी नाही.

तळगाळ (मंगळवार, संध्याकाळी ६:२५)

भाबडा अजिबात नाही. अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत नव्वदच्या दशकात नेमका हाच प्रयोग झालाय. रिठ्याच्या टरफलाचा अर्क घेऊन हेक्झाक्लोरोबेंझीन नावाचं हट्टी रसायन मातीतून सुटतं का ते पाहिलं. नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त सुटलं. रिठ्यातलं सॅपोनिन म्हणजे भाररहित सरफॅक्टंटच.

सूक्ष्मजीवही असली द्रव्यं बनवतात. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू ऱ्हॅम्नोलिपिड तयार करतो, बहुधा तुमच्या एजन्सीच्या "बायो" मध्ये तेच असावं. सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणून स्टार्चपासून बनलेली साखरेच्या रेणूंची कडी असते, तिच्या पोकळीत तेलकट रेणू बसतो. तीही हिल तळावर वापरून पाहिली होती. दारूसुद्धा: फ्लॉरिडात जॅक्सनव्हिलच्या एका जुन्या ड्रायक्लीनिंगच्या जागी १९९८ मध्ये ९५ टक्के इथेनॉल जमिनीत सोडून परक्लोरोएथिलीन काढलं. गंमत म्हणजे जे इथेनॉल मागे राहिलं ते जिवाणूंचं खाद्य झालं, आणि त्यांनी उरलेल्या रसायनातला क्लोरीन तोडायला घेतला.

पण रिठा असो की ट्रायटन, विहिरीचा प्रश्न तिथल्या तिथेच. द्रव्य निरुपद्रवी आहे का हा दुसरा प्रश्न, ते जे सुटं करून पाठवतं ते निरुपद्रवी आहे का हा पहिला. रिठ्याने सुटलेलं जळकं ऑइल हेही जळकं ऑइलच.

द्रव्याचा प्रश्नही दुय्यम मानू नका हं. पूर्वी नॉनिलफेनॉलवाले सरफॅक्टंट सर्रास वापरायचे. ते तुटले की नॉनिलफेनॉल उरतं, आणि ते माशांमध्ये हार्मोनसारखं वागतं. युरोपने २००३ मध्ये त्यावर बंधनं घातली. तेव्हा "प्रोप्रायटरी ब्लेंड"मध्ये काय आहे हे लेखी मागा.

गोटीसोडा (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

जमिनीत ९५ टक्के दारू ओतली?! अमेरिकन लोकांचं काही खरं नाही.

केळीवाला (मंगळवार, संध्याकाळी ६:४४)

आमच्या गावात हा प्रयोग जमिनीपर्यंत पोचणारच नाही.

डेल्फ्टकर (मंगळवार, रात्री १०:३०)

नेदरलँड्समधून. इथे माती धुणं हा रीतसर उद्योग आहे. सुरुवात लेकरकेर्क गावापासून झाली. रॉटरडॅमजवळच्या या गावात घरांची नवी वसाहत जुन्या रासायनिक पिंपांवर उभी राहिली होती. १९८० मध्ये शेकडो कुटुंबं हलवावी लागली. त्यातून १९८३ पासूनचा माती-सफाईचा कायदा आला आणि धुलाईचे कारखाने उभे राहिले.

तिथे माती खणून आणतात आणि बंद यंत्रात धुतात. जमिनीत काहीच सोडत नाहीत. मुख्य काम औषधापेक्षा घासण्याचं आणि चाळण्याचं. प्रदूषक बहुतेक बारीक कणांना चिकटलेला असतो, म्हणून ६३ मायक्रॉनच्या आसपास वरची वाळू वेगळी काढतात, ती स्वच्छ होऊन रस्त्याच्या भरावाला जाते. उरलेला गाळ दाबून चकत्या करतात आणि तो बंदिस्त कचराभूमीत. म्हणजे घाण कमी होत नाही, थोड्या जागेत गोळा होते. त्यालाही अट: मातीत बारीक भाग पाव ते तीस टक्क्यांच्या वर गेला की धंदा परवडत नाही, कारण सगळाच गाळ निघतो. इथली माती वाळूची म्हणून जमतं. मास्तरांनी सांगितलेली निम्मी चिकण इथल्या कारखान्याच्या दारातूनच परत जाईल.

खडीसाखर (बुधवार, सकाळी १०:१५)

जरा उलट बाजूने विचारते. इतकी वर्षं ते ऑइल खड्ड्यात होतं, विहिरीत उतरलं नाही. म्हणजे मातीने धरून ठेवलंय ना? मग सोडवायचा अट्टहास कशाला? वर काँक्रीट टाका, गोदाम बांधा.

अनुस्वार (बुधवार, दुपारी १:४०)

हा प्रश्न वाटतो तितका आगाऊ नाही. माझं काम प्रयोगशाळेत याच मुद्द्यावर चालतं, म्हणून जरा लांबतं.

कॉर्नेल विद्यापीठातले मार्टिन अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की प्रदूषक मातीत जितका मुरतो तितका तो जिवाणूंना आणि गांडुळांना कमी मिळतो. कालच मातीत घातलेलं फेनान्थ्रीन आणि महिनोन्‌महिने मुरलेलं फेनान्थ्रीन, कडक द्रावक घालून मोजलं तर आकडा जवळपास सारखा, पण गांडुळाच्या अंगात उतरतं ते कमी. बारीक छिद्रांत, काजळीच्या आत जाऊन बसलेलं असतं.

आमच्याकडे हेच बाटलीत बघतात. एकाच मातीचे सारखे नमुने घ्यायचे, एकात नुसतं पाणी, एकात हद्दीखालचा सरफॅक्टंट, एकात हद्दीवरचा, आणि रात्रभर हलवणीवर ठेवायचे. सकाळी सेंट्रिफ्यूज केलं की पाण्याच्या नळीत वर स्वच्छ पाणी, खाली माती. हद्दीवरच्या नळीतलं पाणी चहाच्या रंगाचं, वर फेस, आणि वास नाकात जाणारा. तो रंग बघून कोणालाही वाटतं की वा, निघालं. मग तीच माती दुसऱ्यांदा धुवा, तिसऱ्यांदा धुवा. रंग फिका होत जातो आणि एका ठिकाणी थांबतो. मातीत अजून प्रदूषक असतो, पण तो आता सुटत नाही. सुटतो तो भाग आणि न सुटणारा भाग असे दोन वेगळे आकडे मिळतात, आणि निर्णय पहिल्यावर घ्यायचा असतो. सायक्लोडेक्स्ट्रिन सफाईपेक्षा आता याच मोजमापाला जास्त वापरतात, आयएसओचं मानकही आहे.

पण खडीसाखर, तुमच्या तर्कात एक भोक आहे. मुरलेलं आणि मोकळं यात फरक करा. धागाकर्तीच्या बादलीत तवंग येतोय, म्हणजे तिथे मोकळं तेल आहे. ते मातीने धरलेलं नाही, फक्त अडून राहिलंय.

खडीसाखर (बुधवार, दुपारी २:०५)

तवंगाचं वाचायचं राहिलं होतं. मान्य, पण मग मुरलेला भाग जाग्यावर राहू द्यायला तुमची हरकत नाही?

अनुस्वार (बुधवार, दुपारी २:३०)

माझी नाही. पण तिथे काय लावणार यावरही आहे. अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी संशोधन केंद्रात डीडीटीवर काम झालंय. तिथल्या जमिनीत डीडीटीचा अवशेष डीडीई कित्येक दशकं मुरून बसलेला, पावसाने हलत नाही, बहुतेक पिकांत शिरत नाही. पण झुकिनी लावली की तिच्या खोडात भरपूर सापडतो! काकडीत मात्र फार कमी. त्यांनी मातीत सायट्रिक आम्लासारखी साधी सेंद्रिय आम्लं घालून पाहिली तर डीडीई जास्त सुटला. चिकण आणि सेंद्रिय भाग यांना बांधून ठेवणारे लोखंड-ॲल्युमिनियमचे दुवे ही आम्लं सोडवतात, त्याबरोबर आत अडकलेलंही सुटतं. मुळं स्वतःही अशी आम्लं सोडतात. म्हणजे "घट्ट बसलंय" हे कोणासाठी, ते बघावं लागतं.

आपल्याकडे शेतीत डीडीटी १९८९ पासून बंद आहे, तरी जुन्या फवारणीच्या गोदामांजवळची माती तपासल्याशिवाय भोपळावर्गीय वेल मी लावणार नाही.

केळीवाला (बुधवार, दुपारी ३:००)

म्हणजे भोपळे लावून जमीन साफ करता येईल?

अनुस्वार (बुधवार, दुपारी ३:२०)

त्या दिशेने प्रयत्न झालेत. वेग फार कमी, आणि वेल नंतर कुठे टाकणार हा प्रश्न उरतोच. शिवाय झुकिनीच्या सगळ्या जाती तसं करत नाहीत, आणि आपला लाल भोपळा बहुतेक वेगळ्या प्रजातीचा. जळक्या ऑइलवर तर याचा उपयोग नाहीच.

विदर्भवाणी (बुधवार, रात्री ८:४५)

थोडं अवांतर. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या जागेचं हेच ना? नागपूरच्या नीरी (पर्यावरण संशोधन संस्था) आणि हैदराबादच्या एनजीआरआयने (भूभौतिकी संशोधन संस्था) २०१० मध्ये तिथली प्रदूषित माती ११ लाख टन धरली होती. २०२५ मध्ये पिथमपूरला नेऊन जाळला तो ३३७ टन कचरा गोदामात भरून ठेवलेला होता. ती माती धुता नाही का येणार?

तळगाळ (बुधवार, रात्री ९:५०)

तिथे एक प्रदूषक असता तर बोललो असतो. एचसीएच या कीटकनाशकाचे प्रकार, डायक्लोरोबेंझीन, कार्बारिल हे आणखी एक कीटकनाशक, आणि वर पारा. एका मिश्रणाने सगळं सुटत नाही, आणि सुटलं तर ११ लाख टनांचं धुवण कुठे साठवणार? इतक्या प्रमाणावर धुलाईचा पर्याय कागदावरच बरा दिसतो. यावर स्वतंत्र धागा काढा, इथे मामांचं गोदाम राहून जाईल.

ज्वारीचं_कणीस (बुधवार, रात्री १०:२०)

सगळ्यांचे खूप आभार. आज एजन्सीला तीन गोष्टी मेलने विचारल्या: सरफॅक्टंट कोणता, जमिनीतून परत किती काढणार आणि कुठे नेणार, आणि आमच्याच मातीवर बाटलीतली चाचणी करून दाखवाल का. तिसऱ्याला "करू, चार्जेस वेगळे". पहिल्या दोनला उत्तर नाही. वर म्हणतात, द्रावणात जिवाणूही आहेत, ते सुटलेलं तेल खाऊन टाकतील, त्यामुळे विहिरीपर्यंत जाणारच नाही. याचं काय?

तळगाळ (बुधवार, रात्री ११:१०)

कल्पना चुकीची नाही. तेल सुटलं की जिवाणूंना मिळतं हे तत्त्व आहेच. पण कार्नेगी मेलनमध्ये लाहा आणि लूथी यांनी १९९१ च्या सुमारास माती-पाण्याच्या बाटल्यांत हेच पाहिलं, तर मायसेल बनतील इतका सरफॅक्टंट घातल्यावर जिवाणूंनी फेनान्थ्रीन खाणंच थांबवलं. पातळ करून हद्दीखाली आणल्यावर पुन्हा सुरू. म्हणजे ज्या डोसला तेल चांगलं सुटतं त्याच डोसला जिवाणू गप्प बसण्याची शक्यता. दुसऱ्या जागांवर उलटेही निकाल आहेत. मिशिगनमध्ये ऑस्कोडाला २००० साली ट्वीन-८० वापरलं, तेव्हा मागे उरलेल्या ट्वीनवर जिवाणू पोसले गेले. पण ते मागाहून, आणि मुख्य रसायन पंपाने वर ओढून काढल्यावर. शिवाय जिवाणूंना हवा लागते. फुगलेल्या काळ्या मातीत इतक्या खाली हवा कुठून आणणार?

आता मी काय करेन ते सांगतो. खड्ड्याचं माप काय?

ज्वारीचं_कणीस (बुधवार, रात्री ११:१८)

मामा म्हणतो दहा बाय बारा, खोली सहा फूट असेल.

तळगाळ (गुरुवार, सकाळी ८:००)

म्हणजे सात ब्रास. कडेने झिरपलेलं धरून दहा-बारा ब्रास समजा. दोन-तीन ट्रकचं काम आहे हो हे! एवढ्यासाठी जमिनीत रसायन सोडणं म्हणजे हौस आहे.

आधी मातीची तपासणी: एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, आणि शिसं, जस्त वगैरे धातू. जळक्या ऑइलमध्ये ॲडिटिव्हचं जस्त असतंच, जुन्या गॅरेजला शिसंही निघतं. धातू जिवाणू खात नाहीत. धातू जास्त निघाले किंवा तेलच फार निघालं तर ती माती घातक कचऱ्याच्या जागी द्यावी लागेल: तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी. तुम्हाला रांजणगाव जवळ. मोकळं ऑइल खड्ड्यात साचलेलं मिळालं तर ते पिंपात काढून अधिकृत रिसायकलरला द्या, पावती ठेवा.

धातू कमी असतील तर खणून विहिरीपासून लांब, तिच्याकडे उतार नसलेल्या बाजूला, शेततळ्याला घालतात त्या ५०० मायक्रॉनच्या कागदावर ढीग करा. कडेला बांध. मातीत उसाचा भुसा किंवा भाताचं तूस मिसळा म्हणजे हवा खेळेल, थोडं शेणखत, युरिया आणि सुपर फॉस्फेट बेताने. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस यांचं १००:१०:१ हे ढोबळ प्रमाण धरतात. ओल राखा, चिखल नको, अधूनमधून ढीग परता. डिझेल-रॉकेलचा भाग काही महिन्यांत बराच उतरतो. इंजिन ऑइलचा जड भाग रेंगाळतो, काही उरतोच. या ढिगाला सरफॅक्टंट वापरायचाच असेल तर इथे वापरा, थोडासा. खाली कागद आहे, जे सुटेल ते तुमच्या हातात राहील.

नोटरीबाई (गुरुवार, दुपारी १२:३०)

कायद्याचं थोडक्यात. जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांसाठी केंद्राचे वेगळे नियम आले आहेत, ज्याने घाण केली त्याने खर्च द्यायचा हे त्यात आहे. पण गॅरेजवाला सापडणार का आणि तुमचा एवढासा खड्डा त्यात बसणार का, दोन्ही शंकाच. तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाला तपासणी अहवालासह एक पत्र देऊन पोच घ्या, आणि खरेदीखतात जागेच्या स्थितीबद्दल काय लिहिलंय ते काढून बघा. उद्या विहिरीवरून शेजाऱ्याने भांडण काढलं तर तारीख लागलेला कागद तुमच्याकडे हवा.

ज्वारीचं_कणीस (गुरुवार, रात्री ९:४०)

मामाला वाचून दाखवलं. "दोन-तीन ट्रक" ऐकल्यावर पटलं, त्याआधीचं सगळं रसायनशास्त्र वाया गेलं. एजन्सीला नाही म्हणून कळवलंय. रविवारी नमुने घ्यायला जातेय. कसे घेऊ? प्लास्टिकच्या पिशव्या चालतील?

अनुस्वार (गुरुवार, रात्री १०:०५)

पिशवी नको. तेल प्लास्टिकमध्ये मुरतं आणि वास उडून जातो. स्वच्छ काचेच्या बरण्या, तोंडापर्यंत दाबून भरा, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल. खड्ड्याच्या मधून तळाची माती, चारी कडांची, आणि खड्ड्यापासून लांब वरच्या बाजूची साधी माती तुलनेला. प्रत्येकावर जागा आणि खोली लिहा. थर्मासच्या खोक्यात बर्फ घालून दुसऱ्या दिवशीच एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. आणि विहिरीचं पाणीही घ्या, काचेच्याच बाटलीत, पंप थोडा वेळ चालवल्यावर.

केळीवाला (गुरुवार, रात्री १०:१२)

रविवारी तिकडे ढग सांगितलेत. खड्डा उघडा ठेवू नका, ताडपत्री घेऊन जा.